चौथा रकाना

जून २०२०मध्ये, करोनामुळे शाळा बंद असताना, आम्हा शिक्षकांकडून एक तक्ता भरून घेतला गेला. प्रत्येक मुलाच्या नावापुढे चार रकाने. घरात स्मार्टफोन आहे का? साधा फोन? टीव्ही? आणि शेवटचा, चौथा रकाना: यांपैकी काहीच नाही. माझी शाळा अकोले तालुक्यातल्या डोंगरात, द्विशिक्षकी, पट ४१. चौथ्या रकान्यात १७ खुणा पडल्या. तक्ता वर गेला. चार दिवसांत वरून मेसेज आला: सोबतची अभ्यासाची लिंक सर्व विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवावी, अहवाल संध्याकाळी पाचपर्यंत द्यावा.

सर्व विद्यार्थ्यांपर्यंत! अरे, आत्ताच तर तुम्हाला लिहून दिलं. त्या १७ पोरांना लिंक कशात घालून नेऊ, पिशवीत?

राज्याच्या त्या अभ्यासमालेचं नावच होतं 'शाळा बंद, पण शिक्षण आहे'. माझा राग या नावातल्या 'आहे'वर आहे. बंद काय ते दिसत होतं, दाराला कुलूप होतं. 'आहे' ते कुठं होतं? फोनमध्ये. फोन कुठं होता? बापाच्या खिशात. बाप कुठं होता? नारायणगावच्या बाजूला टोमॅटोच्या तोडणीला. एका मुलीच्या आईनं शेजारणीच्या फोनवरून मला आवाज पाठवला होता, "गुर्जी, फोन ह्यांच्यापाशी असतो, राती आलं की दावते तिला." रात्री नऊला बाप यायचा, चार्जिंग संपलेलं, रिचार्ज संपत आलेला, आणि त्या एका फोनवर दोन भावंडं. फोन पहिल्यांदा कुणाच्या हातात जायचा, मुलाच्या की मुलीच्या, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

हे सगळं वरच्यांना माहीत नव्हतं असं कुणी म्हणू लागलं, तर त्याला माझा चौथा रकाना दाखवा. माहीत होतं. लेखी होतं. शाळाशाळांतून भरून घेतलेलं होतं. तरीही 'आहे' म्हटलं गेलं, कारण 'नाही' म्हटलं की काहीतरी करावं लागतं.

मग आमचं काम काय उरलं? पुढे ढकलणं. सकाळी लिंक यायची, ती गटावर टाकायची, किती जणांनी उघडली ते मोजायचं, स्क्रीनशॉट काढायचा, वर पाठवायचा. वर 'अध्ययन निष्पत्ती', 'समग्र मूल्यमापन', 'स्वयंअध्ययन' असे भरजरी शब्द, खाली एक मास्तर अंगठ्यानं फॉरवर्ड करतोय. पोर अभ्यास करतंय असा फोटो हवा म्हणून मी ओढ्याच्या काठी एका पोराला खडकावर बसवलं आणि त्याच्या हातात सहकारी शिक्षकाचा मोबाईल दिला. पोर आमचं, मोबाईल आमचा, फोटो आमचा. आणि गणती झाली 'ऑनलाइन शिकणारा विद्यार्थी' अशी!

दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर दहा प्रश्न यायचे. किती मुलांनी सोडवले याची टक्केवारी निघायची आणि कमी पडलं की फोन यायचा. तेव्हा ते प्रश्न मी माझ्या घरी बसून पोरांच्या नावानं सोडवले. एकाच्या दोन चुका मुद्दाम ठेवल्या, खरं वाटावं म्हणून. याची मला लाज वाटते आणि ती मी लपवत नाही. पण महाराष्ट्रात असा मी एकटाच होतो, असं ज्याला वाटतं त्यानं कुठल्याही तालुक्यातल्या चार गुरुजींना विश्वासात घेऊन विचारावं.

शिकवणं झालं ते पायी झालं. वाडीवाडीवर जाऊन, कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या पडवीत, चारपाच पोरं लांबलांब बसवून. पाटी, खडे, चिंचोके. नाक्यावरची ड्युटी आणि घरोघरचा सर्व्हे सांभाळून शिक्षक हे करत होते, आणि कित्येकांनी स्वतःच्या मनानं केलं. त्याला अहवालात एक ओळ. लिंकला पानंच्या पानं.

आणि याच दिवसांत शहरांतले विद्वान वेबिनार घेऊन सांगत होते, की या आपत्तीनं शिक्षणाला डिजिटल संधी दिली. कुणाला दिली? पुण्यामुंबईतसुद्धा दहा बाय बाराच्या खोलीत आजोबांचा खोकला, कुकरच्या शिट्ट्या आणि तीन पोरांचे तीन वर्ग एकाच वेळी चालले होते. बाई पडद्यावरच्या चाळीस काळ्या चौकोनांना विचारायच्या, "समजलं का?" आणि म्यूट केलेले चाळीस चौकोन गप्प. संधी म्हणतात ती हीच का?

मी शाळा बंद केल्याबद्दल भांडत नाही. माणसं मरत होती, मीही माणसं गमावली. मी भांडतो ते उघडण्याच्या क्रमाबद्दल. दारूची दुकानं मे २०२०मध्येच उघडू लागली. बार आणि हॉटेलं ५ ऑक्टोबर २०२०ला उघडली. त्याच वर्षी नोव्हेंबरात थिएटरं आणि देवळं. ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीच्या वर्गांना परवानगी मिळाली १ डिसेंबर २०२१पासून. मधे दुसरी लाट आली, पुन्हा सगळं मिटलं, हे मान्य. पण दोन्ही वेळा शेवटचा नंबर सहा वर्षांच्या पोराचा का? बारमालकाला संघटना आहे. आमच्या पहिलीच्या वर्गाला नाही.

मग उपाय निघाला 'सेतू अभ्यास'. १ जुलै २०२१पासून ४५ दिवसांत गेल्या वर्षाची कसर भरून काढायची. शाळा तेव्हाही बंद! म्हणजे लिंक न पोहोचल्यानं बुडालेलं शिक्षण पीडीएफनं वर काढायचं, आणि ती पीडीएफ पुन्हा त्याच फोनवर. नदीला पूल नाही म्हणून अडकलेल्या माणसाला पुलाचा नकाशा पाठवावा, तो पण पलीकडच्या काठावर. त्याच महिन्यात परीक्षेविना लागलेल्या दहावीच्या निकालाची टक्केवारी ९९.९५. पेढे वाटले गेले.

पोरांना काय येतं ते नंतर 'असर' या पाहणीवाल्यांनी घरोघर जाऊन तपासलं. ग्रामीण भारतात तिसरीतली जी पोरं दुसरीचं पुस्तक वाचू शकतात, अशांचं प्रमाण २०१८मध्ये २७.३ टक्के होतं, ते २०२२मध्ये २०.५ टक्क्यांवर आलं. यालाही एक भरजरी शब्द सापडला, 'अध्ययन ऱ्हास'. पोराला वाचता येत नाही, असं साध्या मराठीत म्हटलं की कुणीतरी जबाबदार ठरतो. ऱ्हास कुणी करत नाही, तो होतो.

पुढे शाळा उघडल्या, पण अहवालाची चटक सुटली नाही. आजही फळ्याकडे पाठ करून मी फोटो चढवतो, फॉर्म भरतो, रेंज शोधत पाण्याच्या टाकीवर चढतो. वर्गात पोरं समोर बसलेली असताना! माझी मागणी एकच आहे. आमच्याकडून भरून घेतलेला तो चौथा रकाना जाहीर करा. शाळावार, तालुकावार, आकड्यांनिशी. त्या रकान्यातल्या प्रत्येक पोराचं पुढे काय झालं, ते सांगा.

माझ्या १७मधला एक सांगतो. जून २०२०मध्ये पहिलीत नाव घातलेला मुलगा. डिसेंबर २०२१मध्ये, दुसरीत असताना, तो पहिल्यांदा शाळेत आला. मी हजेरी घेतली. त्याचं नाव पुकारलं. तो उभा राहिला आणि माझ्याकडे नुसता बघत राहिला. पुन्हा पुकारलं, तो रडवेला झाला. मागच्या रांगेतून त्याची चौथीतली बहीण पुढं वाकली आणि त्याच्या कानात म्हणाली, "हजर म्हण."