जाहिरातीतला आकडा आणि हातातला पगार

मे महिना सरत आला की मराठी-उर्दू वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर ‘पाहिजेत’च्या जाहिराती वाढतात. शिक्षिका पाहिजेत, हिशेबनीस पाहिजे, नर्स पाहिजे, आखातासाठी वेल्डर पाहिजेत. आमचे जुने विद्यार्थी अशी कात्रणे घेऊन अर्ज लिहून घ्यायला येतात. पंधरा दिवसांनी त्यातलेच काही पुन्हा येतात, पण आता प्रश्न वेगळा असतो: “जाहिरातीत बावीस हजार लिहिले होते, मुलाखतीत चौदा म्हणाले. हो म्हणू की नको?”

घरोघरी या प्रश्नाला एकच उत्तर मिळते. “मिळतेय ते घे बेटा, रिझ्क देणारा अल्लाह आहे.” रिझ्क देणारा अल्लाहच आहे, यात शंका नाही. पण आकडा छापणारा माणूस असतो, आणि माणसाने छापलेल्या आकड्याबद्दल माणसाला विचारता येते. या महिन्यात त्याविषयीच बोलू.

आकडा कुठे गळतो?

प्रत्येक वेळी फसवणूकच असते असे नाही. काही वेळा जाहिरात आपणच नीट वाचत नाही. ‘पंचवीस हजारांपर्यंत’ यातला ‘पर्यंत’ हा शब्द डोळ्यांना दिसतो, मनाला दिसत नाही. ‘पात्रतेनुसार वेतन’ याचा अर्थ आकडा मुलाखतीतच ठरणार. आणि ‘वार्षिक पॅकेज तीन लाख’ म्हणजे महिना पंचवीस हजार हातात, असे तर मुळीच नाही.

हे एकदा कागदावर मांडून पाहा. तीन लाखांचे महिन्याला २५,००० झाले. मूळ वेतन १५,००० धरले, तर मालकाच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी १,८०० रुपये त्या पॅकेजमध्येच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीचे साधारण ७२० रुपयेही त्यातच. उरले २२,४८०. त्यातून कर्मचाऱ्याच्या वाट्याचे १,८०० कापले की २०,६८०. पुरुष असेल तर व्यवसाय कराचे आणखी २०० जातात. महाराष्ट्रात महिना पंचवीस हजारांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना तो कर माफ आहे. म्हणजे पंचवीसचे साडेवीस झाले आणि कोणी खोटे बोलले नाही. निधीचे पैसे आपल्याच खात्यात साठतात. तक्रार करण्याआधी एवढा हिशेब करावा.

दुसरा प्रकार घासाघिशीचा. “अनुभव कमी आहे”, “सहा महिने पाहू, मग वाढवू” असे म्हणून आकडा खाली आणला जातो. यात बोलायला जागा असते.

तिसरा प्रकार मात्र सरळ बेइमानीचा. आकडा मोठा छापायचा तो दारात रांग लागावी म्हणून, द्यायचा विचार पहिल्या दिवसापासून नसतो. याचेच एक रूप आमच्या पेशात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी मोठ्याने बोलत नाही. बँकेत पूर्ण पगार जमा होतो, आणि पाच तारखेला त्यातले काही हजार रोख काढून कचेरीत परत द्यायचे असतात. सही पूर्ण रकमेवर, घर चालवायचे अर्ध्यावर. उमेदवाराची मूळ प्रमाणपत्रे ‘तपासणीसाठी’ ठेवून घेणे हा त्याचाच भाऊ. मूळ कागद दाखवावेत, ठेवायला देऊ नयेत. द्यायची ती साक्षांकित प्रत.

एका मुलीचा हिशेब

आमची एक जुनी विद्यार्थिनी, बी.एड. झालेली, घराजवळच्या लहान शाळेत १२,५०० रुपयांवर शिकवत होती. पायी दहा मिनिटांची वाट, पगार बाराही महिने. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या नावाजलेल्या शाळेची जाहिरात आली, वेतन २२,०००. निवड झाली. मग आतल्या खोलीत बोलावून सांगितले, “सध्या चौदा देऊ. आणि मे महिन्याचा नसतो.” तिने जाहिरातीची आठवण करून दिली, तर उत्तर आले, “तुमचे घर तर मिस्टर चालवतात ना?”

तिने होही म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. “उद्या कळवते,” म्हणून उठली. घरात सगळे घ्यायच्या बाजूचे होते. शाळेचे नाव मोठे, आणि चौदा हे साडेबारापेक्षा जास्तच. तिने वही काढली. चौदा हजार अकरा महिन्यांचे १,५४,०००. रिक्षा आणि बस मिळून रोजचे ७० रुपये, महिन्याचे पंचवीस दिवस धरून १,७५०, अकरा महिन्यांचे १९,२५०. हातात राहणार १,३४,७५०. जुन्या शाळेचे वर्षाचे १,५०,०००. म्हणजे बढती समजून ती वर्षाला १५,२५० रुपये तोट्यात गेली असती, आणि रोजचा दीड तास रस्त्यावर.

दुसऱ्या दिवशी तिने फोन करून सांगितले की जाहिरातीतला आकडा आणि बारा महिन्यांचा पगार लेखी मिळत असेल तर येते. “दाराबाहेर दहा जणी उभ्या आहेत,” असे ऐकून घेतले आणि फोन ठेवला. पुढे त्यांचा फोन आला नाही. ती जुन्या शाळेतच आहे. नकार दिल्याने तिचे भले झाले असे आम्ही म्हणणार नाही. साडेबारा हजारही बी.एड. झालेल्या शिक्षिकेला पुरेसे नाहीत. पण तिला निवड करता आली, कारण तिने जुन्या शाळेचा राजीनामा आधी दिला नव्हता.

आणि “मिस्टर चालवतात ना” या वाक्याबद्दल एवढेच, की पगार कामाचा असतो. शिकवणाऱ्याच्या घरी आणखी कोण कमावते, हे वर्गातल्या चाळीस मुलांना ठाऊक नसते. बाईची स्वतःची कमाई ही तिची मालमत्ता आहे, हे आपल्या घरांतही कोणाला शिकवावे लागू नये.

मुलाखतीत काय विचारावे

चार प्रश्न पुरेत. सगळी कापाकाप होऊन हातात किती? वर्षातून किती महिने? कोणत्या तारखेला आणि बँकेत की रोख? वाढ कधी आणि किती? आवाज न चढवता, नजर न चोरता विचारावे. जाहिरातीचे कात्रण सोबत असावे. मोबाइलवर आली असेल तर तिचे चित्र जपून ठेवावे.

आकडा कमी सांगितला तर पहिला प्रश्न ‘का?’ हा असावा. अनुभव कमी म्हणत असतील तर किती अनुभवाला किती देता, हे विचारावे. “सहा महिन्यांनी वाढवू” म्हणत असतील तर तेवढी एक ओळ नियुक्तिपत्रात मागावी. जी वाढ लिहून देता येत नाही, ती बहुधा देताही येत नाही. निर्णयासाठी एक रात्र मागावी. आणि पत्र हातात पडेपर्यंत जुनी नोकरी सोडू नये, ही गाठ पक्की बांधावी.

जाहिरातीच्या जोरावर कोर्टात जाता येईल का, असेही विचारतात. साधारणपणे नाही. आपल्याकडचा करार कायदा १८७२ चा आहे, आणि त्यानुसार जाहिरात ही फक्त बोलणीला बोलावणे असते. करार होतो तो प्रस्ताव मांडून तो मान्य झाल्यावर. म्हणून खरे वजन नियुक्तिपत्राला. महाराष्ट्रातल्या मान्यताप्राप्त खाजगी शाळांसाठी १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. नियुक्तिपत्राचा नमुनासुद्धा त्या नियमांना जोडलेला आहे. “आमच्याकडे पत्र द्यायची पद्धत नाही” असे कोणी म्हणाले, तर पद्धत आहे, ते पाळत नाहीत, एवढेच समजावे. पत्रातल्यापेक्षा कमी पगार मिळू लागला तर लेखी तक्रार शिक्षणाधिकाऱ्यांकडे करता येते, आणि ती करताना ते पत्र आणि बँकेचे पासबुक हेच साक्षीदार.

समुद्रापलीकडे

इथे उठून घरी येता येते. रत्नागिरी-रायगडच्या कित्येक घरांतले मुलगे आखातात जातात, त्यांना ती सोय नसते. इथे १,८०० दिरहम सांगितलेले असतात आणि तिथे उतरल्यावर १,२०० चा कागद समोर येतो. मागे एजंटला दिलेले कर्ज, अम्मीच्या बांगड्या गहाण. सही होते.

म्हणून सगळी विचारपूस विमानात बसण्याआधी. भरती करणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. त्याला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेता येते, त्याचीही पावती घ्यावी. संयुक्त अरब अमिरातीत २०१६ पासून नियम असा आहे की कामगाराने आधी सही केलेल्या प्रस्तावपत्रातल्या अटी आणि नंतरचा करार यांत त्याच्या तोट्याचा फरक करता येत नाही. तेव्हा ते प्रस्तावपत्र मागावे, समजेल त्या भाषेत वाचून घ्यावे आणि एक प्रत घरी ठेवावी. “आधी व्हिजिट व्हिसावर चल, तिथे गेल्यावर बघू” म्हणणाऱ्याचा सलाम घ्यावा आणि दार लावावे.

आपल्या संस्थांसाठी चार शब्द

आतापर्यंत नोकरी मागणाऱ्यांशी बोललो. पण हे मासिक वाचणाऱ्या घरांत शाळेच्या कमिटीवर बसणारे, मदरशाचा हिशेब पाहणारे, दुकान-कारखाना चालवणारेही आहेत. कमी पगाराला आपल्याकडे एक गोड नाव आहे, ‘कौमची खिदमत’. खिदमत जरूर करावी, पण ती ज्याची त्याने स्वतःच्या खिशातून. उस्तादाच्या खिशातून करून घेतलेली खिदमत संस्थेच्या नावावर जमा होत नाही. फी कमी आहे, देणग्या येत नाहीत, हे खरे असू शकते. मग जाहिरातीत चौदा हजारच छापा. ज्याला परवडेल तो येईल आणि मनापासून शिकवेल. बावीस छापून चौदा देणाऱ्याला संस्थेची गरिबी ही सबब सांगता येत नाही.

कुरआनात सूरह कससमध्ये हजरत मूसा (अलै.) मदयनला पोहोचतात, तेव्हा तिथले बुजुर्ग त्यांना कामावर ठेवण्यापूर्वी मुदत स्पष्ट सांगतात: आठ वर्षे, दहा पूर्ण केलीस तर ती तुझी मर्जी. वर हेही सांगतात की तुला अडचणीत टाकायची माझी इच्छा नाही. मूसा (अलै.) तीच अट पुन्हा उच्चारून अल्लाहला साक्षी ठेवतात. परका, निराधार, गरजू माणूस समोर उभा असतानाही त्याच्या गरजेचा फायदा घेतलेला नाही, यात सगळे आले. आणि घेताना माप भरून घेणाऱ्या, देताना कमी तोलणाऱ्या लोकांवर तर एक आख्खी सूरह आहे, मुतफ्फिफीन. तराजू फक्त किराणा दुकानात असतो असे कोणी समजू नये. पगाराचे रजिस्टर हाही तराजूच आहे.

नव्या शैक्षणिक वर्षाच्या जाहिराती आता लिहिल्या जात असतील. ज्यांच्या हातात पेन आहे त्यांनी देणार तेवढाच आकडा लिहावा. आणि ज्यांच्या हातात अर्ज आहे त्यांनी तो आकडा विचारताना संकोच करू नये. मेहनतीची किंमत विचारणे म्हणजे हाव नव्हे.