खोगीरभरती नको!

वाराणसीला गेलात, तर गंगेपलीकडच्या रामनगर किल्ल्यातलं काशीनरेशांचं संग्रहालय जरूर पाहा. तिथले हौदे, पालख्या, शस्त्रं पाहून घोडदळाचं जुनं सामान जमवायची हुक्की कुणालाही येईल. पण तलवार टिकते, चामडं टिकवावं लागतं. त्यात काशीचा पावसाळा म्हणजे बुरशीची चैन!

जीन, लगाम, तोबरा घेताना सरकारी बाणाचा छाप शोधा. एकोणिसाव्या शतकात लष्कराचं असं सामान कानपुरात बनू लागलं. छाप नवाही मारता येतो, म्हणून टाके आणि तंगाखालची झीज पाहा. घोड्याच्या घामाने काळवंडलेली कड सहसा खोटी करता येत नाही.

घरी आणल्याबरोबर तेल चोपडू नका. मी आजोबांचा पट्टा हौसेने एरंडेलात भिजवला होता. पुढच्या पावसाळ्यात तो बकलापाशी तुटला. बोटाला तांबूस भुकटी लागली, तर चामडं कुजलंय असं समजा. तेलाने ते सुधारत नाही. मऊ ब्रशने झाडा, पट्टे दुमडू नका, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका.

आणि हो, शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक मोलाची वस्तू १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. अमेरिकेतल्या भाच्याला ती भेट म्हणून पाठवता येत नाही.