आधी काय करत होता?

लघुपटासोबत येणारा दिग्दर्शकाचा परिचय हा आमच्या टेबलावरचा सर्वांत निरस कागद असतो. कॅमेऱ्यामागे उभं राहून काढलेला फोटो, त्याखाली शंभरेक शब्द, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: लहानपणापासून सिनेमाची आवड. दुसऱ्या वाक्यात लघुपट कुठकुठल्या महोत्सवांत निवडला गेला त्याची यादी. या दोन वाक्यांच्या मधली दहा-पंधरा वर्षं गायब. फोन करून विचारलं की समोरचा जरा अवघडतो. मग एकेक बाहेर येतं. बँकेत होतो, मेडिकल चालवतो, जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, सीझनला लग्नाच्या ऑर्डरी घेतो. आणि लगेच पुढे, "पण ते छापू नका हं."

नेमकं तेच छापायला हवं असं आमचं मत आहे, आणि त्याला कारण आहे.

सुमित्रा भावे यांनी 'बाई' केला तो 1985 साली. तेव्हा त्या चाळिशी ओलांडलेल्या होत्या. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या नव्हत्या, कुणाच्या हाताखाली सहायक नव्हत्या. टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकून, कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवून, वस्त्यांमधल्या बायकांच्या जगण्याचा अभ्यास त्या करत होत्या. ज्या बायकांवर हा अभ्यास आहे त्या तो वाचणार कशा, या अडचणीतून त्या कॅमेऱ्याकडे वळल्या. 'बाई'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पाठोपाठ 'पाणी'ला मिळाला. पुढे फिल्म इन्स्टिट्यूटचं शिक्षण घेतलेले सुनील सुकथनकर सोबत होतेच, आणि 'दोघी'पासून 'कासव'पर्यंतचा प्रवास सगळ्यांना माहीत आहे. पण त्या सिनेमांतली माणसं बोलता बोलता मध्येच थांबतात, उत्तर न देता दुसरंच काहीतरी सांगतात, ते आलं मुलाखती घेणाऱ्या कार्यकर्तीच्या कानातून. भाव्यांनी समाजकार्य 'सोडून' सिनेमा केला असं म्हणणं म्हणूनच चुकीचं आहे.

रोहन कानवडे यांचं उदाहरण ताजं आहे. 2025 च्या सनडान्स महोत्सवात 'साबर बोंडं'ला जागतिक कथाचित्र विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. मराठीतला चित्रपट तिथे पोचण्याचीच ती पहिली वेळ. त्याआधी त्यांचे लघुपट होते, 'खिडकी', 'यू फॉर उषा', आणि त्याही आधी इंटिरियर डिझायनिंगचं काम. सिनेमाचं रीतसर शिक्षण नाही. 'साबर बोंडं' पुन्हा पाहिलात तर खोल्या बघा. कॅमेरा बहुतेक वेळ जागचा हलत नाही. दार कुठे, उजेड कुठून, माणूस भिंतीपासून किती लांब बसलाय, यावर प्रसंग उभा आहे. दुःखाचे दहा दिवस आणि आलेगेलेल्यांनी भरलेलं घर, यात एकमेकांत गुंतलेल्या दोघांना एकांत कुठे मिळेल हा त्या कथेतला खरा पेच. खोल्या मांडण्याचं काम केलेल्या माणसाला तो पेच नकाशावर दिसत असणार, असं आम्हाला वाटतं.

2024 मध्ये कान महोत्सवाच्या विद्यार्थी विभागात पहिलं पारितोषिक मिळवणारे म्हैसूरचे चिदानंद नाईक तर एमबीबीएस डॉक्टर. पुण्यात एका वर्षाच्या टेलिव्हिजन अभ्यासक्रमाला आले, सोळा मिनिटांचा कन्नड लघुपट चार दिवसांत चित्रित केला आणि कानला पोचले.

भाव्यांसारखे अपवाद सोडले तर पार्श्वभूमींची ही विविधता नवी आहे, हे विसरून चालणार नाही. फिल्मच्या रिळांचा काळ होता तेव्हा लघुपट करायचा म्हणजे एकतर पुण्याच्या किंवा कोलकात्याच्या संस्थेत प्रवेश हवा, नाहीतर फिल्म्स डिव्हिजनचं काम हवं. कच्ची फिल्म, लॅब, प्रिंट हा खर्च एकट्याच्या आवाक्यातला नव्हता. उमेश कुलकर्णी यांची 2004 ची 'गिरणी' ही त्या पद्धतीतली आपल्याकडची बहुधा सर्वांत देखणी डिप्लोमा फिल्म. घर चालवण्यासाठी आईने पिठाची गिरणी आणली, पोराला आधी कौतुक, मग ओझं, एवढीच गोष्ट. 2008 मध्ये व्हिडिओ घेणारा फुल-फ्रेम डीएसएलआर बाजारात आला आणि दार उघडलं. लग्नाच्या शूटिंगवाल्याच्या बॅगेत आणि लघुपटवाल्याच्या बॅगेत एकच कॅमेरा आला. बऱ्याचदा माणूसही एकच असतो.

या लग्नवाल्यांची आपल्या क्षेत्रात उगाच टिंगल होते. अंतरपाट खाली येतो त्या क्षणाला रिटेक नाही. अक्षता उडत असतात, समोर मामा आडवा उभा असतो, हॅलोजनचा पिवळा आणि खिडकीचा निळा उजेड एकाच चेहऱ्यावर असतो, आणि तरीही मुलीच्या आईचा चेहरा मिळवायचा असतो. हे वर्षानुवर्षं केलेल्या माणसाला तुम्ही शॉट कसा घ्यायचा ते शिकवू नका. त्याला कथा कुठे थांबवायची ते सांगा, तिथे तो अडतो.

एकांकिकेतून येणाऱ्यांची अडचण वेगळी. पुरुषोत्तम करंडक 1963 पासून सुरू आहे आणि मराठी पडद्याला त्याने किती माणसं दिली याची मोजदाद नाही. नटांकडून काम काढून घेणं यांना उत्तम जमतं. पण शेवटच्या मिनिटाला धक्का द्यायची सवय सुटत नाही. मुलगी मुळात नव्हतीच, आजोबा केव्हाच वारले होते, ते सगळं स्वप्न होतं. आमच्याकडे येणाऱ्या लघुपटांतले निम्मे आजोबा तिसऱ्या मिनिटालाच मेलेले ओळखू येतात!

आता पुढच्या वाटचालीविषयी. लघुपट म्हणजे चित्रपटाचं व्हिजिटिंग कार्ड ही समजूत इतकी घट्ट बसली आहे की कार्ड चाललं नाही तर माणूस खचतो. कार्ड चालतंही, नाही असं नाही. गोव्याच्या आदित्य सुहास जांभळे यांना 'आबा ऐकताय ना?' आणि 'खरवस' या मराठी लघुपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले आणि 2024 मध्ये ते 'आर्टिकल 370' हा हिंदी चित्रपट करताना दिसले. अमर कौशिक यांचा अरुणाचलात चित्रित केलेला 'आबा' आणि पुढचा 'स्त्री' यांच्यातही फार वर्षं नाहीत. पण या दोघांची नावं पुनःपुन्हा घेतली जातात ती वाट विरळा आहे म्हणूनच.

नागराज मंजुळे यांचा रस्ता आम्हाला अधिक शिकवणारा वाटतो. 'पिस्तुल्या' हा अहमदनगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकताना केलेला अभ्यासक्रमातला लघुपट. जेऊरचा कवी, शिकताना केलेलं काम, आणि पदार्पणासाठी राष्ट्रीय पुरस्कार. पुढे 'फँड्री', 'सैराट'. आणि 'सैराट'च्या न भूतो यशानंतर या माणसाने काय केलं? 'पावसाचा निबंध' हा लघुपट. मास्तरांनी पावसावर निबंध लिहायला सांगितलाय आणि घर गळतंय. त्या वर्षी कथाबाह्य विभागात दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला. लघुपट ही पहिली पायरी असती तर कळस गाठलेला माणूस तिच्यावर परत कशाला आला असता? त्या गोष्टीचा जीव तेवढाच होता, म्हणून त्याने ती तेवढ्यात सांगितली. देवाशिष मखिजा यांचे चित्रपट अडकत राहिले, तेव्हा ते लघुपट करत राहिले, 'तांडव' त्यातलाच. 'भोसले' नंतर आला.

उत्पन्न मात्र यातल्या कशातूनही येत नाही, हे नव्यांना स्पष्ट सांगितलं पाहिजे. महोत्सवाची प्रवेश फी डॉलरमध्ये, आणि निवड झाली नाही तरी परत मिळत नाही. राष्ट्रीय पुरस्काराला पाठवायचं तर आधी सेन्सॉर प्रमाणपत्र काढा. यूट्यूबवर घाईने टाकलात तर प्रीमियर मागणारे महोत्सव हातचे गेले. एकटादुकटा लघुपट विकत घेणारा ओटीटी मंच शोधून सापडत नाही. म्हणजे पोटापाण्याचा व्यवसाय चालू ठेवणं ही हार नाही. तीच या क्षेत्रातली निर्मितीसंस्था आहे.

इथेच न बोललेला प्रश्न येतो. नोकरी सोडून दोन वर्षं घरी बसून पटकथा लिहायला कुणाला परवडतं? ज्याच्या घरी दुसरं कुणी कमावतं, त्याला. मुलं सासूकडे ठेवून सहा दिवस शूटला जाणाऱ्या बाईला 'मुलांचं काय?' हा प्रश्न सगळे विचारतात, तिच्या नवऱ्याला कुणीच नाही. पायल कपाडिया यांनी कानचं ग्रँड प्री आणलं म्हणून इथली दिग्दर्शक बाई रात्रीच्या शूटला निर्धास्त निघाली असं होत नाही. आणि 'मित्रांनी फुकट केलं' हे श्रेयनामावलीत अभिमानाने लिहिणाऱ्यांनी जरा थांबावं. तो साउंडवाला मित्र ते चार दिवस आपल्या रोजगारावर पाणी सोडून आलेला असतो. निदान त्याचा प्रवास, जेवण आणि ठरलेली का होईना थोडी रक्कम बजेटच्या पहिल्या पानावर लिहा. कॅमेऱ्याचं भाडं त्यानंतर.

पुढच्या अंकापासून आम्ही परिचयाचा नमुना बदलत आहोत. महोत्सवांची यादी दोन ओळींत. त्याआधी तीन गोष्टी लिहा: सिनेमाआधी काय करत होता, आज घर कशावर चालतं, आणि या लघुपटात काम केलेल्यांपैकी किती जणांना पैसे दिले. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'कुणालाच नाही' असेल तर तसंच लिहा, आम्ही तसंच छापू. 'लहानपणापासून आवड' मात्र संपादनात कापलं जाईल.