कधी होणारे, कधी न होणारे चार्जिंग
चंद्रपूरहून मूल-सावलीमार्गे गडचिरोलीकडे वसुलीस जाणाऱ्या व्यापाऱ्याच्या मोटारसायकलचा दिवा सांजवेळी जंगलात मंदावला, तर जिवाची काळजी लागते. घरी परतल्यावर बहुधा बॅटरी बदलली जाते. दोष मात्र अनेकदा जोडणीत असतो. उन्हाने व इंजिनाच्या उष्णतेने कनेक्टर तापतो, धक्क्यांनी तार हलते, आणि गाडी थंडावताच सारे पूर्ववत होते. म्हणून तपासणी गाडी तापल्यावरच करावी. इंजिन बंद असता मल्टिमीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट, रेस दिल्यावर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. इंजिन चालू ठेवून बॅटरीची टोके, अर्थिंग व रेग्युलेटरचा कनेक्टर क्रमाने हलवावा. आकडा जेथे खालीवर होतो, तेथेच दोष. काळवंडलेली पिन आधी बदलावी. बॅटरीचा खर्च त्यानंतर.