पाटे वाढवले, पिकअप उचलली. आता जॉइंट शाफ्टचा हिशोब कोण करणार?

नवीन जालना : मोसंबीची खेप असो, कापूस असो की एमआयडीसीतली सळई, जालना जिल्ह्यात माल हलतो तो पिकअपवर. गाडी घेतली की काही दिवसांतच अनेक जण ती पाटेवाल्याकडे नेतात. मागचे दोन-तीन पाटे वाढवले जातात आणि मागचा भाग दोन-तीन इंच वर येतो. चिखलातल्या पाणंद रस्त्यावर गाडी खाली टेकत नाही, जास्तीचा माल घेऊनही बसत नाही. मालक खूश होतो. खरा खर्च मात्र पुढे सुरू होतो.

दुखणं कुठे सुरू होतं

गिअर बॉक्सची ताकद मागच्या डिफरन्शियलपर्यंत जॉइंट शाफ्ट पोहोचवतो. पाटे वाढले की चेसिस वर जाते आणि तिच्यासोबत गिअर बॉक्सही. मागचा एक्सल मात्र जागेवरच राहतो. त्यामुळे शाफ्ट जास्त तिरपा होतो. मागचा शाफ्ट चार फुटांचा धरला, तर दोन इंच उचलल्यावर कोन जवळपास अडीच अंशांनी वाढतो. रोजच्या वेगात क्रॉसचा कोन साधारण तीन अंशांच्या आत असणं चांगलं मानतात. म्हणजे एका फटक्यात सगळी सवलत संपते.

क्रॉसचा स्वभावच असा, की तो तिरपा फिरला की प्रत्येक फेरीत दोनदा शाफ्टचा वेग कमी-जास्त होतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर एकाचा झटका दुसरा खाऊन टाकतो. पण कोन खूप वाढला किंवा एकीकडे कमी-एकीकडे जास्त झाला, की गाडी थरथरते. गाडी सुटताना ‘टक्’ आवाज येतो, पन्नास-साठच्या वेगात घरघर होते. मग क्रॉस, सेंटर बेअरिंग आणि गिअर बॉक्सची सील एकामागून एक जातात. गाडी रिकामी असताना हे जास्त जाणवतं, कारण माल नसल्यामुळे ती सगळ्यात उंच तेव्हाच असते.

शिवारातल्या रस्त्यावर वेग कमी, म्हणून हे झाकून जातं. पण तीच गाडी आता महामार्गावरही पळते. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धीचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जालन्याची वाहतूक त्यावर गेली. वेग वाढला की थरथर वाढते. वेगात शाफ्ट पुढून सुटला तर त्याचं टोक रस्त्यात रुतून गाडी उलटू शकते.

दुरुस्ती क्रॉस बदलून होत नाही

क्रॉस बदलला आणि महिनाभरात पुन्हा गेला, तर दोष क्रॉसचा नाही, कोनाचा आहे. आधी कोन मोजावा. मोबाईलमध्ये पातळी दाखवणारं ॲप असतं, तेवढं पुरतं. गाडी सपाट रॅम्पवर, चाकांवर उभी, इंजिन बंद आणि चाकांना अडण लावलेली हवी. जॅकवर टांगून घेतलेलं माप चुकीचं येतं.

सेंटर बेअरिंगजवळच्या फ्लँजचा आणि डिफरन्शियलच्या फ्लँजचा कोन सारखा यायला हवा. फरक असेल तर पाटे आणि एक्सलच्या मधे लोखंडी पाचर बसवून तो काढतात. पाचर उलटी बसली तर दुखणं वाढतं. दोन्ही कोन सारखे पण मोठे असतील, तर सेंटर बेअरिंग थोडं खाली घेता येतं. मात्र त्याने पुढच्या क्रॉसचा कोन वाढतो आणि दोन्ही टोकांची बरोबरी बिघडते, म्हणून सगळं पुन्हा मोजावं. गाडी उचलल्यावर अंतर लांबतं, त्यामुळे शाफ्टची सरकती बाही बाहेर ओढली जाते. ती किती आत उरली, हेही पाहावं. शाफ्ट खोलण्याआधी खुणा कराव्यात. बाही एक दाता चुकून बसली तरी गाडी थरथरते. लेथवर शाफ्ट लांबवला तर बॅलन्सिंग केल्याशिवाय बसवू नये.

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र एकच आहे, वाढवलेला एखादा पाटा काढून टाकणं.

ब्रेक आणि कायदा

अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. चेसिस किती खाली बसली, यावरून तो भार ओळखतो. उचललेली गाडी भरली तरी त्याला ती रिकामीच वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. पाटे वाढवून त्या व्हॉल्व्हची दांडी पुन्हा जुळवून न घेणं म्हणजे धोक्याला आमंत्रण.

पाटे वाढवले म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा भारासाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड आहे. कलम ५२ नुसार कंपनीने ठरवून दिलेल्या रचनेत मनमानी बदल करता येत नाही. अपघात झाल्यावर विमा कंपनीही याच मुद्द्यावर बोट ठेवू शकते.

दोष एकट्या मालकाचा नाही

गाडी उचलायची हौस कोणाला नसते. पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री योजना २०२१ मध्ये आली, तरी अनेक शिवारांत पावसाळ्यात गाडी अजूनही चिखलातूनच काढावी लागते. त्यात डिझेल महाग, आणि भाडं ठरतं खेपेवर. दोन खेपांचा माल एका खेपेत गेला तरच हातात काही उरतं, असं गणित आहे. रस्त्याची आणि भाड्याची तूट शेवटी शाफ्टच्या क्रॉसवर येऊन पडते. रस्ता सुधारेपर्यंत निदान कोन मोजून आणि ब्रेक तपासूनच गाडी मोंढ्याच्या वाटेला लावलेली बरी.