कुट्टीचे पाते : दांडी बरी की बटण?

अहमदनगर, म्हणजे 2024 पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात संगमनेर, राहाता, राहुरी, श्रीरामपूर या पट्ट्यात दुधाचा धंदा वाढला, तशी हाताने चाक फिरवायची कडबा कुट्टी मागे पडली आणि मोटारीची कुट्टी दारोदार आली. हे यंत्र विकणारे दुकानदार, मोटारीचे वाइंडिंग करणारे, पात्यांना धार लावणारे, वेल्डिंग करणारे यांत आपले अनेक बांधव आहेत. म्हणून गिऱ्हाईक नेहमी विचारते तो प्रश्न आपल्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. दांडीचे यंत्र घ्यावे, की नुसत्या बटणावर चालणारे, स्वस्तातले?

प्रथम दोघांचे काम काय ते पाहू. दांडी पुढे केली की दातेरी रूळ चारा आत ओढतात, मधे ठेवली की थांबतात, मागे केली की चारा बाहेर ढकलतात. बहुतेक यंत्रांत दांडी फक्त रूळ थांबवते. पाती बसवलेले जड चाक फिरतच राहते. उलट बटण मोटार बंद करते, पण चाकाचा वेग लगेच मरत नाही. हात पात्यापर्यंत जाण्याआधी रुळात सापडतो. रुळाने बोटे धरली, तर त्याच क्षणी दुसऱ्या हाताला किंवा कोपराला दांडी लागली पाहिजे. दहा फुटांवर भिंतीत बसवलेले बटण त्या वेळी कुचकामी ठरते. एवढ्यासाठी तरी दांडी हवीच, आणि ती चारा लावणाऱ्याच्या हाताशी हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पण दांडी असली म्हणजे सारे झाले, असेही नाही. आपल्याकडे शेतीची तीन फेज वीज पाळीपाळीने, दिवसा 8 तास तर रात्री 10 तास, अशी मिळत आली आहे, आणि मधे ती जाते-येते ते वेगळेच. चारा अडकलेला असताना लाइट जाते. बटण तसेच चालू राहते, दांडीही पुढेच असते. घरातली बाई किंवा गडी गुंता सोडवायला रुळात हात घालतो आणि नेमकी लाइट येते. यात यंत्र बिघडलेले नसते. बसवणाऱ्याने जे बसवले, तेच ते करते.

यावरचा उपाय आपल्या वायरमन बांधवांना तोंडपाठ आहे. हिरव्या-लाल बटणाच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. लाइट गेली की ती संपर्क सोडते, आणि पुन्हा हिरवे बटण दाबल्याखेरीज मोटार सुरू होत नाही. साध्या बटणाने किंवा एमसीबीने हे काम होत नाही. लाइट आली की ती मोटार सुरू करून देतात. विहिरीच्या मोटारीला आपण 'ऑटो' बसवून देतो, तोही हीच सोय मोडण्याचा प्रकार होय. तेथेही एकदम भार येऊन ट्रान्सफॉर्मर जळतात म्हणून ऑटो काढा, असे महावितरण सांगत असते. कुट्टीला ऑटो बसवणे तर हात तोडण्याची तजवीज करण्यासारखे आहे.

हाच दांडी-बटणाचा वाद परदेशात हिरवळ कापण्याच्या, वर बसून चालवायच्या यंत्रांतही आहे. जुन्या पद्धतीत दांडी ओढली की पट्टा ताणला जातो आणि पाती फिरतात. स्प्रिंग, केबल आणि पट्टा एवढेच सामान असल्याने दुरुस्ती सोपी असते. नव्या पद्धतीत बटण ओढले की 12 व्होल्टची कॉइल लोखंडी तबकडी चिकटवून घेते. मोटारगाडीच्या एसीचे काम करणाऱ्यांना हा मॅग्नेट क्लच परिचित आहे. कॉइल जळली तर खर्च जास्त येतो, बॅटरी उतरली तर क्लच घसरतो. पण एक गुण मोठा आहे. विजेचा प्रवाह तुटला की तबकडी सुटून ब्रेकवर बसते आणि पाती काही सेकंदांत थांबतात. चालक आसनावरून उठला तरी आसनाखालचा स्विच हेच करवतो. अमेरिकेत हाताने ढकलायच्या यंत्रांसाठी 1982 पासून नियमच आहे, की हँडल सोडल्यावर पाते 3 सेकंदांत थांबले पाहिजे. घेण्यासारखा धडा हा, की वीज किंवा माणसाचा हात सुटला की पाते आपणहून थांबावे, आणि आपणहून कधीही सुरू होऊ नये. दांडी असो वा बटण, कसोटी हीच लावावी.

केंद्र सरकारने 1983 साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला, तो मुख्यतः मळणी यंत्रात हात गमावणाऱ्यांसाठी. त्यात यंत्र बनवणारा आणि विकणारा या दोघांवरही जबाबदारी टाकली आहे. कुट्टी विकताना कायद्याने विचारण्याची वाट कशाला पाहायची?

दुकानदार बंधूंनी स्टार्टर हा यंत्राचाच भाग समजून बिलात धरावा. गिऱ्हाईक घासाघीस करू लागले तर दुसरीकडे सूट द्यावी, स्टार्टर मात्र वगळू नये. कारागिरांनी दुरुस्तीसाठी काढलेली चाकावरची जाळी परत बसवल्याशिवाय यंत्र हवाली करू नये. सैल झालेली, आपोआप पुढे सरकणारी दांडी 'चालतंय' म्हणून सोडू नये. "सारखं बटण दाबायला लागतं, डायरेक्ट करून द्या," असे कोणी म्हटले, तर ते काम नाकारावे. त्यात शंभर-दोनशेची मजुरी बुडेल, क्वचित गिऱ्हाईकही शेजारच्या दुकानात जाईल. पण ज्या घरात आपण यंत्र बसवले, त्या घरातल्या कुणाची बोटे गेली, तर त्या गावात आपले नाव कशासाठी घेतले जाईल, याचा विचार प्रत्येक कारागिराने वायर जोडण्यापूर्वी करावा.