पोटफोड्या षला रजा द्या!

वालचंदनगरात मी मराठी शिकवतो. ऊसतोडणी कामगाराच्या पोराने परवा ‘शोशण’ लिहिले. मी तांबड्या शाईने पोटफोडा ष घातला, गुण कापला आणि रात्रभर स्वतःवरच चिडलो. त्या शब्दातली दोन अक्षरे मी तरी वेगळी उच्चारतो काय? पाणिनीच्या काळी ष म्हणताना जीभ वर वळे. आमच्या महाराष्ट्री प्राकृताने श, ष दोन्ही टाकून एका सवर संसार केला. पुढे संस्कृत शब्दांबरोबर ष परतला. उच्चार मागेच राहिला. उलट ‘चार’ आणि ‘चाक’ यांत उच्चार दोन, अक्षर एक. त्याची पंडितांना फिकीर नाही! महामंडळाच्या नियमांनी १९६२ साली ‘कवि’चा ‘कवी’ झाला, कोणाची कविता अडली? आणि विष शने लिहिले, तर पिणारा वाचणार आहे थोडाच! संस्कृतवाल्यांनी ष खुशाल जपावा. पोराचा गुण मी परत दिला आहे. मुख्याध्यापकांनी जाब विचारावा.